ब साठी धरलेली जागा

मी एक जुना चिकूचा खोका आहे. खरं सांगायचं तर आता खोका उरलेलो नाही, खोक्याची एक पट्टी उरलो आहे. पण 'मी एक जुनी पट्टी आहे' असं म्हटलं असतं, तर तुम्ही मोजपट्टी समजून लगेच रेघा आखायला घेतल्या असत्या. म्हणून खोकाच म्हणतो. सध्या मी कुठे आहे ते शेवटी सांगेन. माझ्या आजूबाजूला पुष्कळ पाणी आहे आणि एकही चिकू नाही, एवढं आत्ता पुरे.

मित्रांनो, माझा जन्म डहाणूजवळच्या एका वखारीत झाला. एक म्हातारं आंब्याचं झाड होतं, त्याच्या पट्ट्या झाल्या, पट्ट्यांना खिळे लागले आणि चार मिनिटांत मी तयार झालो. बालपण वगैरे काही मिळालं नाही. माझ्या अंगावर 'ही बाजू वर' असं छापलं होतं. ती बाजू आयुष्यभर खाली राहिली.

वखारीतून मी नरपडच्या एका चिकूच्या वाडीत आलो. तिथे खोक्यांमध्ये एकच विषय असायचा : दिल्ली. चिकू भरले की ट्रक, ट्रक भरला की दिल्ली. दिल्लीला गेलेला एकही खोका परत आला नव्हता, म्हणून आम्हाला वाटायचं की तिथे फारच छान असणार. मीही दिल्लीची स्वप्नं बघत होतो. माझ्या तळाशी सुका पेंढासुद्धा अंथरून झाला होता. तेवढ्यात मुकादम अमृत डबा खायला माझ्यावर बसला. माझी एक पट्टी तडकली. अमृत उठला, त्याने पट्टी बघितली, मग खोके रचणाऱ्यांकडे बघून म्हणाला, "असला फुटका खोका कोणी आणला रे?"

अशा रीतीने माझी दिल्ली हुकली.

तीन आठवडे मी कुंपणाला टेकून होतो. नंतर एका संध्याकाळी वाडीत चिकू निवडायला येणाऱ्या संगिताने विचारलं, "शेठ, हा खोका नेऊ का?" शेठ फोनवर बोलत होते. त्यांनी हात हलवला. तो हात मला होता की फोनवरच्या माणसाला, हे अजून कळलेलं नाही. संगिताने मला उचललं आणि टेम्पोत मांडीवर घेतलं.

त्या टेम्पोची एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण माझं पुढचं सगळं आयुष्य त्या रीतीवर टांगलेलं आहे. संगिताचा पाडा तलासरीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथल्या बायकांना वाडीत न्यायला दीपेश नावाचा ड्रायव्हर सकाळी टेम्पो घेऊन येतो. कुणी विहिरीवर असते, कुणाची भाकरी तव्यावर असते. मग ती आपला कोयता मुलाबरोबर पुढे पाठवते. कोयता फळीवर ठेवला की जागा धरली. दुसऱ्याचा कोयता कुणी उचलत नाही. उचलायचा तो ज्याचा त्याने. एकदा दीपेशने निघताना बायकांऐवजी कोयतेच मोजले, आणि धोंडी नावाच्या म्हातारीचा कोयता तिच्याशिवाय नरपडला गेला. दिवसभर चिकूच्या झाडाखाली बसून संध्याकाळी परत आला. येताना टेम्पोत उभं राहायला जागा नव्हती, तरी कोयत्याच्या जागेवर कुणी बसलं नाही.

घरी संगिताचं मला चुलीत घालायचं ठरलं होतं. मी वाचलो तो सुनिताताईंमुळे. सुनिताताई म्हणजे पाड्यावरच्या अंगणवाडीच्या बाई. त्या त्याच वेळी दारात उभ्या होत्या आणि संगिताला सांगत होत्या, "जयवंतीला घरी पण अक्षरांचे खेळ दे गं. विकत काय आणायचं नाही. एक खोका घ्यायचा. आठवड्याला दोन अक्षरं. 'क' असेल तर घरातल्या 'क'च्या वस्तू शोधून खोक्यात टाकायच्या. मुलं हसत हसत शिकतात."

"खोका कुठून आणू?" असं म्हणत संगिताने मला खाली ठेवलं, आणि मग दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

जयवंती पाच वर्षांची. तिचा भाऊ मिथुन दोन वर्षांचा, तो कुठलीही वस्तू आधी चाखून बघायचा. त्यांचा बाबा लाहू खलाशी होता. पावसाळा सरता सरता तो गुजरातकडे वेरावळला गेला होता, मासेमारीच्या बोटीवर. बोटी सुरू झाल्या की पाड्यावरचे पुष्कळ पुरुष जातात, आणि मे महिन्यात बोटी बंद झाल्या की परत येतात. मी आलो तेव्हा लाहू जाऊन तीन महिने झाले होते. घरात त्याचा एक शर्ट होता, एक कोयता होता आणि त्याची जागा होती. जागा म्हणजे भिंतीला टेकायचा एक भाग, तिथे माती जरा गुळगुळीत झाली होती.

पहिलं अक्षर क. जयवंतीने माझ्यात कांदा टाकला, कंगवा टाकला, आणि मग कोंबडी टाकली. कोंबडीने आत एक फेरी मारली, बसली आणि अंडं घातलं. आता अंड्याचं काय करायचं यावरून मोठा वाद झाला.

"अंडं 'अ'चं," जयवंती म्हणाली. "'क'मध्ये चालणार नाही."

"कोंबडीचं आहे ना?" संगिता म्हणाली. "मग चालू दे."

"सुनिताताईंना विचार."

सुनिताताईंनी सांगितलं की अंडं खाऊन टाका. मोठ्या प्रश्नांची उत्तरं अशी सोपी असतात.

मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वात चांगले दिवस होते. सोमवारी एक अक्षर, गुरुवारी एक अक्षर. वस्तू माझ्यात पडायच्या आधी जयवंती ते अक्षर चुलीच्या राखेत बोटाने काढायची. मग वालाचे दाणे लावून काढायची. मग संगिता अंगणात काठीने मोठ्ठं अक्षर ओढायची आणि जयवंती त्यावरून लंगडी घालत जायची. मागून मिथुन यायचा आणि वालाचे दाणे खायचा. 'ट'च्या दिवशी संगिताने नाचणीच्या पिठाचा ट थापून तव्यावर टाकला. त्या दिवशी घरात सगळ्यांनी ट खाल्ला. शेपूट मिथुनला मिळालं.

'ण'च्या दिवशी काहीच सापडलं नाही. जयवंतीने घर पालथं घातलं, मग शेजारचं घर पालथं घातलं. 'ण'ने सुरू होणारी वस्तू पाड्यावर नव्हती. मी दिवसभर रिकामा राहिलो. तेव्हा मला ते आवडलं, जरा आराम मिळाला. रिकामं राहणं दोन प्रकारचं असतं, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

'ध'च्या दिवशी जयवंती धोंडी म्हातारीला हाताला धरून घेऊन आली. होय, तीच, जिचा कोयता एकटा फिरून आला होता.

"आत बस," जयवंती म्हणाली.

"अगं, चिकू समजलीस काय मला?" धोंडी म्हणाली. "दिल्लीला पाठवशील!"

"एक पाय तरी टाक."

धोंडीने एक पाय माझ्यात टाकला, तसाच ठेवून तिने चहा प्यायला आणि पाड्यावरच्या सगळ्यांच्या चुगल्या सांगितल्या. तेव्हापासून माणसंसुद्धा खोक्यात चालतात, असं ठरलं. आणि मित्रांनो, पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

फेब्रुवारी उजाडला. 'फ' झाला, त्यात फडकं आणि फणी. फणी म्हणजे कंगवाच, तो 'क'लाही येऊन गेला होता, पण त्याने ओळख दाखवली नाही. मग आला 'ब'चा सोमवार. संगिता वाडीतून दमून आली होती. तरी तिने आपण होऊन बटाटा आणला, बांगडी आणली. धाकटी डहाणू गावच्या मासेवाल्या मावशीकडून घेतलेले सुके बोंबील होते, तेही आणले. बोंबलांचा वास आल्याबरोबर कोंबडी उठून बाहेर गेली.

जयवंतीने सगळं बाहेर काढून ठेवलं. "'ब' बाबाचा," ती म्हणाली.

"बाबा बोटीवर आहे ना गं. आज बटाटा घाल."

"नको."

"बोट पण 'ब'चीच की," संगिता समजुतीने म्हणाली.

"मग बोटीसकट आण."

बोट माझ्यात मावली नसती. पण मला कुणी विचारलं नाही.

संगिताने तिला पुष्कळ समजावलं. गोडीत सांगितलं, रागावून सांगितलं. जयवंती माझ्या कडेला दोन्ही हातांनी धरून बसली. भात चुलीवर उतू जात होता. मिथुन बोंबील चाखत होता. शेवटी संगिता उठली, खुंटीवरचा लाहूचा कोयता काढला आणि माझ्यात ठेवला.

"हे घे. धरली जागा. आता गुरुवारी 'भ' कर आणि मला भात बघू दे."

वाद मिटावा म्हणून तिने ते केलं होतं. पण धोंडी तेवढ्यात दारात आली, तिने कोयता बघितला आणि थांबली.

"लाहूची जागा धरलीस?"

"पोरगी ऐकेना म्हणून."

"धरलीस ना पण," धोंडी म्हणाली. "आता त्यालाच उचलू दे हो."

पुढची अक्षरं एका सुपात झाली. 'भ', 'म', 'य', सगळी. सूप माझ्याकडे बघून पाखडायचं. मी कोपऱ्यात होतो, पोटात एक कोयता घेऊन. एवढ्याशा घरात एवढी मोठी रिकामी जागा परवडत नाही. पाहुणे यायचे आणि माझ्यावर बसायला जायचे, लगेच चार जण ओरडायचे. संगिताला मिरच्या ठेवायला काहीतरी हवं होतं, तिने मिरच्या दोरीला बांधून टांगल्या. कोंबडीला अंडी उबवायला बसायचं होतं. ती रोज माझ्या कडेवर उभी राहून आत कोयता बघायची, आणि जयवंती रोज तिला सांगायची, "तू 'क' आहेस. तुझा दिवस झाला."

तेव्हा मला रिकामं राहण्याचा दुसरा प्रकार कळला. 'ण'च्या दिवशी कुणी येणारच नव्हतं. 'ब'चं तसं नव्हतं. 'ब'ला यायला कुणीतरी होतं आणि ते आलेलं नव्हतं. हे रिकामपण जड असतं. मी दिल्लीचे चिकू वाहायला बनलेला खोका आहे, मला वजनातलं थोडं कळतं.

एप्रिलच्या सुरुवातीला 'ज्ञ' झाला. सुनिताताईंनी जयवंतीकडून सगळी अक्षरं म्हणून घेतली. ती 'प, फ' म्हणाली, एक मोठा श्वास घेतला, आणि 'भ' म्हणाली.

"अगं, मधलं?"

"त्याची जागा धरलीय."

सुनिताताईंनी वहीत तेवढी जागा कोरी सोडली.

मे महिन्यात पाड्यावरचे खलाशी यायला लागले. मनिष आला, नवा मोबाइल घेऊन. चार दिवसांनी विनोद आला. संगिता त्याच्या घरी गेली नाही, तोच इकडे आला.

"आमची बोट बंदराला लागली, वहिनी. लाहूची मागे होती. इंजिन बंद पडलं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"कुणी बघितलं?"

विनोद आपल्या चपलांकडे बघत राहिला. चपला साध्याच होत्या.

लाहूचा फोन लागत नव्हता. पहिल्या दिवशी फोनमधली बाई म्हणाली, बंद आहे. दुसऱ्या दिवशीही तीच बाई तेच म्हणाली. संगिता दिवसातून सहा वेळा फोन लावायची आणि शेवटी तिला त्या बाईचाच राग यायला लागला. "हिला दुसरं काय येतं की नाही?" ती म्हणायची.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. जयवंती अंगणवाडीत होती, मिथुन झोळीत झोपला होता. संगिताने लाहूचा शर्ट काढला, घडी घातली आणि माझ्यात, कोयत्याच्या शेजारी ठेवला. थोडा वेळ बघत बसली. मग पटकन उचलून परत खुंटीला लावला. 'श'चा दिवस कधीच होऊन गेला होता. पण मी हे कुणाला सांगितलं नाही. पहिल्यांदाच तुम्हाला सांगतोय.

जून लागला आणि आभाळ भरून यायला लागलं. छपराची एक बाजू उघडी होती. ते काम दरवर्षी लाहू करायचा. यंदा संगिताचा भाऊ सुक्या आला. हा तोच मामा, ज्याने 'म'च्या दिवशी सुपात बसायचा प्रयत्न केला होता आणि सूप मोडता मोडता वाचलं होतं. बांबू आले, दोरी आली. सुक्याने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्यातल्या कोयत्याकडे हात नेला.

"हात लावू नको!" संगिता ओरडली. ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मिथुनच्या तोंडातला खडा खाली पडला.

"अगं, बांबू कापायचाय."

"दुसरा बघ."

"बाई चार महिने कोयता खोक्यात ठेवून बसलीय! पाऊस थांबणार आहे का तुझ्यासाठी? मी काय दातांनी कापू?"

"दातांनी काप."

सुक्याला काहीतरी म्हणायचं होतं. तो म्हणणार होता ते सगळ्यांना माहीत होतं, कारण पाड्यावर दोन दिवस सगळे तेच हळू आवाजात म्हणत होते. जयवंती माझ्या कडेला येऊन उभी राहिली. तिने एक हात माझ्यावर ठेवला. माझी तडकलेली पट्टी तिच्या हाताखाली होती.

सुक्याने तोंड मिटलं. "धोंडीकडून आणतो," तो म्हणाला आणि गेला. धोंडीने आपला कोयता दिला, आणि बरोबर स्वतःही आली, कारण तिचा कोयता एकटा गेला की काय होतं ते तिला माहीत होतं.

छप्पर झालं. पाऊस आला, गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी कोंबडी दारातून ओरडत आत आली आणि तिच्या मागून एक माणूस वाकून आत आला. वाळलेला, काळा पडलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. बोटीचं इंजिन खरंच बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने ओढून त्यांना भलत्याच बंदराला नेलं होतं. फोन समुद्रात पडला होता. तिथून रेंज येत नाही.

संगिताच्या हातात पीठ होतं आणि ती ते मळतच राहिली.

जयवंती पळत वगैरे गेली नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तू उशीर केलास," ती म्हणाली. "'भ' झाला, 'म' झाला, 'ज्ञ' पण झाला."

"बरं," लाहू म्हणाला. तो कधी शाळेत गेला नव्हता, त्याला वाटलं ही माणसांची नावं आहेत. "कुठे गेले सगळे?"

"बस आता."

"कशात?"

"'ब'मध्ये."

लाहूने संगिताकडे बघितलं.

"बस म्हणते तर बस की," संगिता म्हणाली. "फेब्रुवारीपासून जागा धरलीय तुझी."

लाहू वाकला. त्याने माझ्यातला कोयता बघितला आणि ओळखला. टेम्पोची रीत त्यालाही माहीत होती. त्याने कोयता उचलून कमरेला लावला, आधी एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि गुडघे पोटाशी घेऊन हळूच खाली बसला.

मी कांदे सहन केले होते, कोंबडी सहन केली होती, धोंडीचा पाय आणि तिच्या चुगल्या सहन केल्या होत्या. बाप सहन झाला नाही. आधी अमृतवाली पट्टी गेली, मग तिच्या शेजारची, मग तळ. लाहू जमिनीवर बसलेला होता आणि मी त्याच्या चारी बाजूंना पडलो होतो.

जयवंतीने वाकून बघितलं. आत काही राहिलं आहे का, ते तपासलं.

"'ब' झाला," ती म्हणाली.

मग संगिता हसायला लागली आणि रडायलाही लागली. दोन्ही एकदमच, कारण एकेक करायला तिला इतके दिवस वेळ मिळाला नव्हता.

माझ्या बाकीच्या पट्ट्यांवर त्या दुपारी चहा झाला. चांगला झाला होता असं ऐकलं. एक पट्टी जयवंतीने काढून घेतली, तडकलेली. आठवणी खोक्याच्या कोणत्या पट्टीत राहतात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. त्या याच पट्टीत निघाल्या. किंवा प्रत्येक पट्टीला तसंच वाटलं असेल, आता विचारायला कुणी उरलं नाही.

जयवंतीने कोळशाने माझ्यावर ब काढला. "आता तू कोर," ती बाबाला म्हणाली.

"मला कुठे येतंय लिहायला?"

"मी काढलंय ना. तू फक्त त्याच्यावरून जा. लंगडीसारखं."

लाहू कोयत्याच्या टोकाने त्या रेघेवरून हळूहळू गेला. पोटाजवळ वळताना एकदा घसरला, म्हणून माझ्या 'ब'चं पोट जरा सुटलेलं आहे. त्याने आयुष्यात लिहिलेलं ते पहिलं अक्षर. त्याने ते उलटंसुलटं फिरवून बघितलं. "हा मी?" असं विचारलं.

"हो," जयवंती म्हणाली. "ही बाजू वर."

पाऊस सरला आणि बोटी सुरू झाल्या. लाहू पुन्हा निघाला. आता मी वेरावळच्या एका बोटीत आहे, त्याच्या झोपायच्या फळीवर, दोन खिळ्यांनी ठोकलेला. चिकू नाही, राख नाही, सूप नाही. सूपसुद्धा आठवतं, यावरून ओळखा. दिल्लीची आठवण मात्र एकदाही येत नाही. कुणी हसलं की मला वाटतं मिथुनने काहीतरी खाल्लं. बोट डोलते तेव्हा डोळे मिटून घेतो, म्हणजे घेतले असते, आणि समजतो की कोंबडी कडेवर उभी राहून आत बघते आहे.

बोटीच्या तांडेलाने, म्हणजे मुख्य खलाशाने, पहिल्याच दिवशी मला बघितलं आणि हे काय म्हणून गुजरातीत विचारलं. "आ शुं छे, लाहू?"

"जागा धरलीय."

"बोट माझी," तांडेल हसला. "इथे तू कसली जागा धरतोस?"

"इथली नाही," लाहू म्हणाला. "तिकडची."

तिकडे नवा खोका आला आहे म्हणे. यंदा जोडाक्षरं आहेत. पण खोका अजून वापरायला काढलेला नाही, कारण निघताना लाहूने स्वतःच्या हाताने त्यात कोयता ठेवला. पाहुणे उभे राहतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. खोक्यावर बसण्याआधी निदान त्याच्याकडे एकदा बघा, त्याला कुठेतरी जायचं असू शकतं. कुणी जागा धरून ठेवली असेल, तर ती घेऊ नका, मग घर कितीही लहान असो. आणि तुमच्या घरातलं कुणी लांब गेलं असेल, तर त्याच्या अक्षराला बटाटा लावून मोकळे होऊ नका.